रुखवतापासून कलादालनापर्यंत

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती आणि एकूण लोकसंख्येत तिचे प्रमाण ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ११ लाख माणसे, इतके होते. त्यानंतरच्या काळात आयुर्मान वाढत गेले व जन्मप्रमाण घटत गेले, हे लक्षात घेता आज हा आकडा बराच पुढे गेलेला असणार हे उघड आहे. या वर्गाविषयी आपल्याकडे जो विचार होतो तो मुख्यतः तीन गोष्टींभोवती फिरतो: निवृत्तिवेतन, औषधपाणी आणि निवारा. १९९९ चे वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण असो की आईवडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकणारा २००७ चा कायदा असो, त्यांचा भर प्रामुख्याने याच गरजांवर आहे. या गरजा खऱ्या आहेत व त्या पुरत्या भागलेल्या नाहीत, याबद्दल दुमत होऊ नये. परंतु या साऱ्या विचारात वृद्ध हा केवळ घेणारा असतो. तो काही देऊ शकतो, त्याच्या हातून अद्याप काही निर्माण होऊ शकते, ही शक्यता त्यात क्वचितच गृहीत धरलेली दिसते.

म्हणूनच एका लहानशा, वरवर पाहता किरकोळ वाटणाऱ्या उपक्रमाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या वर्धापनदिनी, एखाद्या वाचनालयाच्या सभागृहात किंवा शाळेच्या दोन रिकाम्या वर्गांत वयस्क मंडळींनी काढलेली चित्रे, केलेले भरतकाम, लाकडी वस्तू, सुलेखनाचे नमुने असे मांडले जातात. निवृत्त कारकुनाने काढलेली जलरंगातील नदीकाठची देवळे असतात, शिक्षिकेने विणलेला रुमाल असतो. उद्घाटनास आलेले पाहुणे "या वयातही" अशी सुरुवात करून कौतुकाचे चार शब्द बोलतात, चहापान होते, वर्तमानपत्रात तीन ओळींची बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी सारे गुंडाळून घरी जाते. अशा प्रदर्शनांची योग्यता यापेक्षा बरीच अधिक आहे व त्यांकडे सार्वजनिक व्यवहाराचा एक भाग म्हणून पाहिले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नाव नसलेले प्रदर्शन

घरातील वडीलधाऱ्यांच्या हातचे काम चारचौघांसमोर मांडण्याची रीत आपल्याला नवी नाही. लग्नघरातील रुखवत हे आणखी काय असते? आजी, मावशी, आत्या यांनी महिनोन् महिने खपून केलेले भरतकाम, मण्यांची तोरणे, साखरेच्या वा सुपारीच्या वस्तू यांची ती आरासच असते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची मांडणी, अंगणातले चैत्रांगण, गौरी-गणपतीची सजावट या साऱ्यांमागे बहुधा घरातील सर्वांत वयस्क स्त्रीचा हात व तिचीच नजर असते. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून रंगसंगती साधणारी गोधडी तर घरोघरी होती. ठाणे-पालघर भागातील वारली लग्नात भिंतीवर जो चौक लिहिला जाई, तो लिहिण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा असे.

मात्र या प्रदर्शनांत एक उणीव होती. त्यांत कर्त्याचे नाव नसे. रुखवत "मुलीकडचे" असे, गोधडी "घरची" असे, चौक कार्य आटोपल्यावर पुसट होत जाई. वस्तू सर्वांना दिसे. ती करणारी व्यक्ती कोणाला दिसत नसे. वस्तूखाली नाव व वर्ष लिहिलेली चिठ्ठी चिकटवणे ही तशी क्षुल्लक कृती आहे. पण प्रदर्शन आणि सजावट यांतला सारा फरक त्या चिठ्ठीत आहे. चिठ्ठी लागली की पाहणारा विचारतो, हे कोणी केले, केव्हा केले, असे का केले? ज्या व्यक्तीला गेली कित्येक वर्षे "जेवलात का" व "गोळी घेतली का" याखेरीज प्रश्न विचारला गेलेला नाही, तिला तिच्या कामाविषयी प्रश्न विचारला जाणे ही सामान्य घटना नव्हे.

मुरंब्याला बक्षीस, चित्राला नाही

या संदर्भात एका अमेरिकन शेतकरी स्त्रीची हकीकत उद्बोधक आहे. ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस हिचा जन्म १८६० चा. आयुष्यभर तिने शेत, गोठा व संसार सांभाळला. उतारवयात ती लोकरीच्या धाग्यांनी चित्रे विणू लागली. संधिवातामुळे सुई धरणे अवघड झाले, तेव्हा बहिणीच्या सूचनेवरून तिने कुंचला हाती घेतला. त्या वेळी तिची सत्तरी उलटून गेली होती. गावच्या जत्रेत तिने आपली चित्रे आणि स्वतः केलेले मुरंबे व डबाबंद फळे दोन्ही मांडली. मुरंब्याला बक्षीस मिळाले. चित्रांना काही मिळाले नाही. न्यूयॉर्क राज्यातील हूसिक फॉल्स या गावी एका औषधांच्या दुकानाच्या खिडकीत ती चित्रे तीन ते पाच डॉलरना विक्रीस ठेवलेली होती. १९३८ साली लुई कॅल्डर या संग्राहकाच्या ती दृष्टीस पडली. १९४० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्क शहरात तिचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. १९६१ साली १०१ व्या वर्षी तिचे निधन झाले तेव्हा "ग्रँडमा मोझेस" हे नाव अमेरिकेत घरोघरी माहीत झाले होते.

या गोष्टीतील कीर्तीचा भाग बाजूला ठेवावा. अशी कीर्ती लाखांत एकाला लाभते आणि तिच्यावर कोणतेही सार्वजनिक धोरण आखता येत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. कोणा रसिकाने पाहण्यापूर्वी ती चित्रे कोठे तरी मांडलेली होती. जत्रेतील टेबल आणि औषधाच्या दुकानाची खिडकी या दोन अगदी साध्या जागा नसत्या, तर ती चित्रे शेतघराच्या माळ्यावरच राहिली असती.

आपल्या देशातील अलीकडचे उदाहरण जोधैयाबाई बैगा यांचे. मध्य प्रदेशातील उमरिया जिल्ह्यातील लोढा गावच्या या आदिवासी विधवेने मोलमजुरी करून मुले वाढविली. वयाच्या सत्तरीच्या सुमारास त्या आशिष स्वामी या शांतिनिकेतनात शिकलेल्या चित्रकाराने चालविलेल्या कलाकेंद्रात जाऊ लागल्या व चित्रे काढू लागल्या. महुआचे झाड, वाघ, शिव अशा बैगांच्या जगातील गोष्टी त्यांच्या कागदावर आल्या. त्यांची चित्रे इटलीतील मिलान येथेही प्रदर्शित झाली. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली व २०२४ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. येथेही प्रतिभेइतकीच महत्त्वाची बाब आहे ती गावाजवळ असलेल्या एका खोलीची, तेथे मिळणाऱ्या रंग-कागदांची आणि "काढून तर पाहा" असे म्हणणाऱ्या एका शिक्षकाची.

ऑस्ट्रेलियात सॅली गाबोरी ही कायाडिल्ट जमातीची स्त्री २००५ साली वयाच्या सुमारे ८१ व्या वर्षी मॉर्निंग्टन बेटावरील सामुदायिक कलाकेंद्रात प्रथमच रंगांना सामोरी गेली. १९४८ मध्ये तिच्या जमातीला आपले मूळ बेट सोडावे लागले होते. त्या हरवलेल्या बेटाचे किनारे, मासे धरण्याच्या जागा, नातलगांची ठिकाणे तिने मोठमोठ्या कॅनव्हासवर रंगविली. २०१५ साली तिचा मृत्यू झाला व २०२२ मध्ये पॅरिस येथे तिच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. वार्धक्याला केवळ फावला वेळ असतो असे नाही. सांगण्याजोगे पुष्कळसे असते, आणि ते सांगण्याचे साधन मात्र अनेकदा कोणी हाती दिलेले नसते.

हिशेबात न येणारे मोल

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पिगू यांचे एक प्रसिद्ध उदाहरण ठाऊक असते. एखाद्या गृहस्थाने पगारी घरकामवालीशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण तेच काम आता विनावेतन होऊ लागते. आजीच्या गोधडीची गत तीच आहे. दुकानातून आणलेली रजई राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जाते. घरी शिवलेली मोजली जात नाही. निवृत्त माणसाच्या बाबतीत हा दोष अधिकच बोचतो. अठ्ठावन्नाव्या वा साठाव्या वर्षापर्यंत त्याच्या श्रमाला एक किंमत असते. दुसऱ्या दिवशी ती शून्य होते. माणूस तोच, हात तेच, कौशल्य तेच. घरातील स्त्रीला तर निवृत्ती नाही आणि मोबदलाही नाही. समाजाने पैशाचे माप हेच एकमेव माप मानले की ही माणसे आपोआप "भार" या सदरात जाऊन पडतात. लोकसंख्याशास्त्रात त्यांच्यासाठी जो शब्द रूढ आहे तो "अवलंबित" हाच आहे.

खर्चाची बाजू पाहिली तर हा उपक्रम अत्यंत स्वस्त आहे. कोणत्याही साधनाचा खरा खर्च म्हणजे त्याचा संधी परिव्यय, म्हणजे ते साधन दुसरीकडे वापरले असते तर काय मिळाले असते, तो लाभ. दिवाळीच्या वा उन्हाळ्याच्या सुटीत शाळांचे वर्ग रिकामे असतात. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानित ग्रंथालयांचे जाळे पसरले आणि त्यांची संख्या हजारांत गेली. त्यांपैकी कित्येकांपाशी लहान का होईना सभागृह आहे व ते आठवड्यातील बरेच दिवस बंदच असते. या जागांचा संधी परिव्यय जवळजवळ शून्य आहे. राहिला सुतळी, चिमटे, जाड कागद, चार दिवे आणि नावांच्या चिठ्ठ्या यांचा खर्च. एखाद्या सत्कार समारंभातील शाली-श्रीफळांच्या खर्चात तो भागावा.

लाभाच्या बाजूस काय आहे? या बाबतीत अमेरिकेतील डॉ. जीन कोहेन यांनी २००१ पासून केलेला अभ्यास वारंवार उल्लेखिला जातो. वॉशिंग्टन परिसर, ब्रुकलिन व सॅन फ्रान्सिस्को येथील सुमारे ३०० वृद्धांचा, सरासरी ऐंशी वर्षे वयाच्या माणसांचा, तो अभ्यास होता. काहींना व्यावसायिक कलावंतांच्या मार्गदर्शनाखाली चालणाऱ्या नियमित कलावर्गांत घेतले गेले; इतरांचा नेहमीचा क्रम चालू राहिला. वॉशिंग्टनच्या गायनगटाचे जे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार कलावर्गातील व्यक्तींना इतरांच्या तुलनेने डॉक्टरकडे कमी वेळा जावे लागले, त्यांची औषधे कमी राहिली, त्या कमी वेळा पडल्या व त्यांना एकाकीपणा कमी जाणवला. अर्थात हा गट गाणाऱ्यांचा होता, चित्रे काढणाऱ्यांचा नव्हे, आणि स्वेच्छेने आलेल्यांचा होता. तेव्हा त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे सर्वत्र लावता येणार नाहीत. परंतु त्या गटाला शिक्षक होता, ठरलेला वार होता आणि शेवटी लोकांसमोर उभे राहून गायचे होते, या तीन गोष्टी नजरेआड करू नयेत. नुसते "मन रमवा" असे सांगितल्याने मन रमत नाही. चार महिन्यांनी आपले काम लोक पाहणार आहेत हे ठाऊक असले की हात सकाळी आपोआप कामाला लागतो.

आक्षेप आणि उत्तरे

या विचारावर तीन आक्षेप घेतले जातात व तिन्हींत तथ्यांश आहे.

पहिला आक्षेप असा की, ज्या देशात असंख्य वृद्धांना दोन वेळचे अन्न व साधे औषध मिळत नाही तेथे चित्रप्रदर्शनांची चर्चा ही सुखवस्तूंची करमणूक होय. आक्षेपाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. पण रिकाम्या वर्गात चित्रे टांगल्याने कोणाचे औषध कमी होत नाही. दोन्हींची साधनेच वेगळी आहेत. शिवाय कला ही पोट भरलेल्यांचीच गोष्ट असते, हा समज इतिहासाला धरून नाही. १९६६-६७ च्या बिहारमधील भीषण दुष्काळात मिथिलेतील स्त्रियांना काही उत्पन्न मिळावे म्हणून अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी कलावंताला तेथे पाठविले. भिंतींवर परंपरेने लिहिली जाणारी चित्रे कागदावर काढण्यास त्यांनी स्त्रियांना उद्युक्त केले. त्यांतल्या जगदंबादेवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. दुष्काळातच ती कला गावाबाहेर आली, आणि ती आणणारा माणूस आपल्यापैकी होता, हे मराठी वाचकांनी विसरू नये. पुढे वारली चित्रे मुंबईच्या रसिकांपर्यंत पोहोचविण्यातही कुलकर्णींचा मोठा वाटा होता.

दुसरा आक्षेप दर्जाचा. अशा प्रदर्शनांत कॅलेंडरवरून उतरविलेली निसर्गदृश्येच फार असतात, असे चित्रकार मंडळी म्हणतात. ते खोटे नाही. पण त्यावरचा उपाय प्रदर्शन बंद करणे हा नसून ते गांभीर्याने घेणे हा आहे. "या वयातही" हे कौतुक वस्तुतः अपमानकारक आहे. त्यात कामाकडे पाहण्याचे नाकारून केवळ वयाकडे पाहिले जाते. बी. ए. च्या विद्यार्थ्याचा निबंध आपण जसा दुरुस्त करतो तसे एखाद्या जाणत्या चित्रकाराने या चित्रांसमोर उभे राहून, येथे रंग मळला आहे, ही रेषा चांगली आली आहे, हे कॅलेंडर सोडा व तुमच्या वाड्याचे दार काढा, असे सांगावे. ज्याला टीका सोसेल असे आपण मानतो त्यालाच आपण बरोबरीचा समजतो. जवळच कलाशिक्षणाचे विद्यालय असेल तेथील विद्यार्थ्यांना हे काम द्यावे. त्यात त्यांचेही शिक्षण होईल.

तिसरा आक्षेप असा की, वृद्धांचे वेगळे प्रदर्शन म्हणजे त्यांना वेगळ्या वाड्यात बसविणे. हाही विचार करण्याजोगा आहे. यासाठीच ही प्रदर्शने वृद्धाश्रमाच्या आवारात न भरविता शाळेत, वाचनालयात, नगरपालिकेच्या सभागृहात भरवावीत. जेथे मुलेबाळे व वाटसरू सहज आत येतील. एक भिंत नातवंडांच्या चित्रांसाठी ठेवण्यासही हरकत नाही.

बाजारापासून सावधगिरी

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. कलेला मागणी आली की मध्यस्थ येतात. ऑस्ट्रेलियात आदिवासी चित्रांचे भाव चढले तेव्हा अनेक वृद्ध कलावंतांकडून अल्प मोबदल्यात चित्रे काढून घेण्याचे प्रकार इतके बोकाळले की तेथील सिनेटला चौकशी करावी लागली. तिचा अहवाल २००७ साली सादर झाला. पुढे चित्राची फेरविक्री झाल्यास किमतीच्या ५ टक्के रक्कम कलावंतास वा त्याच्या वारसांस देण्याचा कायदा २०१० पासून अमलात आला. आपल्या कॉपीराइट कायद्यातही १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम घालण्यात आले आहे. मूळ चित्र, रेखाटन वा शिल्प १०,००० रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास १० टक्क्यांपर्यंत वाटा मूळ कर्त्यास मिळण्याची तरतूद त्यात आहे. कलावंतांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल? म्हणून सामुदायिक प्रदर्शनांत विक्री असावी, पण ती मुख्य हेतू म्हणून नसावी. किंमत कर्त्याने ठरवावी, पावती त्याच्या नावाने व्हावी आणि "विक्रीसाठी नाही" असे लिहिण्याचा त्याचा अधिकार कोणी हिरावून घेऊ नये.

काय करता येईल

एवढ्या विवेचनानंतर काही व्यवहार्य सूचना मांडणे उचित ठरेल. प्रत्येक नगरपालिकेने व मोठ्या ग्रामपंचायतीने वर्षातून एक आठवडा एक सभागृह विनाभाडे द्यावे. १ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी घोषित केलेला ज्येष्ठांचा दिन त्यास सोयीचा आहे. प्रदर्शनापूर्वी निदान तीन महिने आठवड्यातून दोन दुपारी चित्रकलेच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली वर्ग चालावा. निवृत्त कलाशिक्षक या कामास आनंदाने पुढे येतील. सभागृह तळमजल्यावर असावे, बसण्यास खुर्च्या व जवळ स्वच्छतागृह असावे. ज्यांना घराबाहेर पडवत नाही त्यांचे काम घरी जाऊन आणण्याची जबाबदारी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी उचलावी. गोधडी, रांगोळी, भरतकाम यांना चित्रांच्या बरोबरीने भिंत मिळावी. नाही तर निवृत्त पुरुषांचीच चित्रे पुढे येतील आणि ज्या स्त्रियांनी आयुष्यभर सुंदर वस्तू केल्या त्या प्रेक्षक म्हणून मागे उभ्या राहतील. आणि प्रत्येक वस्तूखाली कर्त्याचे पूर्ण नाव ठळक अक्षरांत असावे.

१९९१ साली संयुक्त राष्ट्रांनी वृद्धांविषयी जी अठरा तत्त्वे स्वीकारली, त्यांत समाजाच्या शैक्षणिक व सांस्कृतिक साधनांपर्यंत वृद्धांना पोहोचता आले पाहिजे, असे एक तत्त्व आहे. अशी तत्त्वे मान्य करणे सोपे असते; त्यांची कसोटी गावच्या वाचनालयाच्या किल्लीपाशी लागते. ती किल्ली ज्यांच्या हाती आहे ते शिक्षक, ग्रंथपाल, कार्यालयांतील कर्मचारी हे या लेखाचे वाचक असण्याचा संभव मोठा आहे. त्यांपैकी प्रत्येकजण आज ना उद्या निवृत्तांच्या यादीत जाणार आहे. त्या दिवशी आपल्या हातांना काही काम असावे व त्या कामाखाली आपले नाव असावे असे ज्यांना वाटते, त्यांनी येत्या सुटीत एका सभागृहाचे दार उघडण्यापासून सुरुवात करावी.